चौथ्या प्रकरणातला हिरवा उजेड

मी आयुष्यात एकच शोध लावला आणि तो हळदीचा निघाला. हळद आपल्याकडे आधीपासून होती, त्यामुळे श्रेय मिळालं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवत रंगवत नेऊन शेवटी पोतडीतून हळद काढायची उमेद आता राहिलेली नाही. शिवाय या प्रकरणात माझं फारसं काही जाणारही नव्हतं. पंचावन्नाच्या पुढच्या प्राध्यापकाची फजिती झाली तरी लोक त्याला चहा विचारतात. जाणार होती ती माझ्या विद्यार्थिनीची पीएचडी.

ती उरणच्या बाजूची. घरची पूर्वी मिठागरं होती. आता तिथे कंटेनर एकावर एक रचलेले असतात. ती पनवेलजवळ एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, तेही हंगामी. पीएचडी घेऊन ये, मग सीनियर कॉलेजला कायम करतो, असं तिच्या प्राचार्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. नोंदणीला सहा वर्षं झाली होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती: एकदा तिला मुलगी झाली म्हणून, एकदा आमचं यंत्र मेलं म्हणून. तिसरी मिळत नाही. एप्रिलअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात आणि ती पुन्हा हंगामी. हे गणित तिला रोज माहीत असायचं. मला आठवण करून द्यावी लागायची.

आमचा विषय असा. प्लास्टिक विजेला अडवतं असं शाळेत शिकवतात, पण काही प्लास्टिकं अशी असतात की त्यांतून वीज जाते. अशा प्लास्टिकचा पातळ थर प्लॅटिनमच्या तारेवर चढवायचा, तार द्रावणात बुडवायची आणि तिला आलटून पालटून अधिक आणि उणे विद्युतदाब द्यायचा. अधिक असताना थरातले इलेक्ट्रॉन निघून जातात, उणे असताना जास्तीचे भरले जातात. रिकामी जागा आणि भरलेली जागा शेजारी आल्या की एकीतला इलेक्ट्रॉन दुसरीत जातो आणि त्या देवाणघेवाणीत उजेड पडतो. काही जळत नाही, काही तापत नाही.

हे मी एकदा आमच्या मामांना समजावलं होतं. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, नेऱ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मी नोकरीला लागलो तेव्हापासून मला ओळखणारे, त्यामुळे माझ्याबद्दल कसलाही गैरसमज नसलेले.

"म्हंजे काजव्यासारका?" मामांनी विचारलं.

"अगदी तसंच."

"मंग काजव्याला कोन वायर लावतंय?"

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटलीत सगळा खेळ चालतो. तिला आम्ही सेल म्हणतो. वर टेफ्लॉनचं झाकण, झाकणाच्या खोबणीत रबरी वायसर. हा सेल आतून काळ्या रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवायचा, दार लावून फटींवर काळी चिकटपट्टी मारायची, आणि मग पेटीत बसवलेली एक नळी उजेडाचे कण मोजते. नळीपुढे लाल काच ठेवली तर लाल मोजते, हिरवी ठेवली तर हिरवा. आमच्या प्लास्टिकचा उजेड लाल असायला हवा होता. होताही, पण जेमतेम. त्यात आमच्या पनवेलच्या कॉलेजसमोरच्या रस्त्यावरून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर जातात. ट्रेलर गेला की टेबल हलायचं, टेबल हललं की तार हलायची, आणि आलेखावरचा कुठला खड्डा रसायनशास्त्राचा आणि कुठला ट्रेलरचा हे कळेनासं व्हायचं. चार वर्षं आम्ही दोघं तो जेमतेम उजेड मोजत बसलो होतो. तिच्याकडे जिद्द होती. माझ्याकडे खुर्ची होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मामांचा शिरस्ता पक्का: हळदकुंकू बाहेरच्या लोखंडी स्टँडला लावायचं, काचेला आणि आतल्या कशालाही नाही. झेंडूचं फूलसुद्धा ते दोऱ्याने लांबून बांधतात. त्या वर्षी विभागाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. लोखंडी स्टँडला गंध लावणारा मी फोटोत पंक्चर काढणाऱ्यासारखा दिसायला लागलो. म्हटलं, छे, मूळ देव तर आत बसलाय. पेटी उघडून सेल बाहेर काढला आणि झाकणावर चांगली बोटभर ओली हळद माखली.

"सर, तितं नको," मामा म्हणाले. "मागून पुसाला तरास व्हतो."

"मामा, देवाच्या कामात कंटाळा करायचा नाही."

फोटो छान आला. दोन दिवसांनी सेल मीच साफ केला. साफ केला म्हणजे रुमालाने पुसला, आणि वायसर नीट बसलाय ना हे बघायला त्याच बोटाने तो खोबणीत दाबला.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगात हिरव्या काचेतून उजेड आला. लालच्या कितीतरी पट. चार वर्षं सपाट पडलेल्या आलेखावर एकदम डोंगर उभा राहिला.

"सर, हे कुठून आलं?" तिने विचारलं.

"आलंय ना? मग येऊ दे की."

"एकदा ब्लँक करून बघूया?"

ब्लँक म्हणजे थर न चढवता नुसत्या तारेवर तोच प्रयोग करायचा. तार अंधारी राहिली तर उजेड थराचा, असा सरळ हिशेब. बारावीच्या पोरालाही हे माहीत असतं.

"ब्लँक आपण पहिल्या वर्षी केलाय," मी म्हणालो. "तार अंधारी होती. प्लॅटिनम काय दर वर्षी बदलतं? ते काय अभ्यासक्रम आहे?"

ती हसली. माझ्या विनोदांना ती हसायची, ही तिच्या शिक्षणातली एक उणीव होती.

पंधरा दिवसांत मी सिद्धान्त मांडला. जास्त दाब दिला की प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, आणि आखूड तुकड्यांचा उजेड हिरवा पडतो. सिद्धान्त इतका देखणा होता की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. दर आठवड्याला तो हिरवा उजेड थोडा थोडा कमी होत होता. त्यालाही माझ्याकडे कारण होतं: थर म्हातारा होतोय. नवा थर चढवला तरी उजेड कमीच. मग मी म्हणालो, मूळ रसायनच म्हातारं झालंय. आणि तिच्याकडून वार्धक्यावर तीन पानं लिहून घेतली. खरं कारण एवढंच होतं की वायसरची हळद द्रावणात उतरून उजेड देत होती, आणि प्रत्येक प्रयोगात वायसर थोडा थोडा धुतला जात होता.

लेख पाठवला. स्वीकारलाही गेला. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण चाळीस पानांचं झालं. आधीची तीन प्रकरणं म्हणजे द्रावण कसं कोरडं करावं, थर कसा चढवावा, पेटी कशी रंगवावी. खरं काम चौथ्यात. त्या चाळीस पानांवर तिची पदवी उभी होती आणि ती चाळीस पानं माझ्या बोटावर.

मार्चमध्ये मी तीन दिवस पेपर तपासायला गेलो. त्या तीन दिवसांत तिने प्रबंधासाठी आकृत्या काढायला घेतल्या. एका आकृतीत ब्लँकची रेघ पहिल्या वर्षीची आणि बाकीच्या रेघा या वर्षीच्या, हे तिला बरं दिसेना. म्हणून तिने नुसत्या तारेवर प्रयोग केला. मी परत आलो तेव्हा ती स्टुलावर बसली होती. समोर टेबलावर झाकण, वायसर आणि अतिनील दिवा.

"सर, बसा."

"काय झालं?"

"आधी बसा ना."

मी बसलो. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा लावला. वायसरची कड आणि झाकणाची खोबण पिवळसर हिरवी पेटली. सणासुदीला पेटावी तशी.

"नुसत्या तारेलाही तेवढाच उजेड येतोय," ती म्हणाली. "थर नसताना. सहा वेळा करून बघितलं. मग नवीन झाकण, नवीन वायसर लावून केलं. काही नाही. सगळं अंधारं."

मामा मागे केर काढत होते. ते वाकून बघायला आले.

"ही हलद हाय."

"रंगावरून ओळखलीत?" मी विचारलं.

"रंगावरनं कशाला? तुमी लावताना बगितली ना मी."

"अहो मग पाच महिने बोलला का नाहीत?"

"बोल्लो व्हतो. तुमीच बोल्लात, देवाच्या कामात कंटाला करायचा नाय."

ते केर भरून निघून गेले. आम्ही दोघं उरलो. आता खरा गाढवपणा सांगतो. हळद लावली तो नव्हे. तो सणाच्या उत्साहात झाला, त्याला माफी असते. हा शांतपणे, खुर्चीत बसून झाला.

मी म्हणालो, "हे बघ. एप्रिलअखेर प्रबंध देऊन टाक. लेख छापून येऊ दे. तुझी तोंडी परीक्षा झाली की पुढच्या वर्षी आपण दुरुस्तीचं टिपण पाठवू. मधल्या काळात कोण बघतंय?"

माझ्या आवाजात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. नुसता थकवा होता. तीन दिवस दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने खोडून आलो होतो, स्वतःची खोडायला शाई उरली नव्हती.

वायसर तिने गाळणकागदात गुंडाळला, वर तारीख घातली. मग पाणी प्यायली. बाटलीचं झाकण तिच्याकडून तीनदा वाकडं बसलं.

"सर, मी अकरावीच्या पोरांना ब्लँक करायला लावते," ती म्हणाली. "न करणाऱ्याचे मार्क कापते."

"अगं पण तुझी नोकरी आहे ही."

"माझीच आहे ना? मग मला ठरवू द्या."

"आणि सहा वर्षं?"

"ती पण माझीच."

माझ्या वाट्याला काहीच आलं नाही हे पाहून मी खिडकीचा पडदा सरकवायला उठलो. खरं तर मनातल्या मनात मी अजून वाद घालत होतो, आणि वाद जिंकतही होतो; फक्त तोंडाने बोलायची हिंमत होत नव्हती.

लेख मागे घ्यायचं पत्र मी लिहिलं. इंग्रजीत माझं वजन पडतं, निदान पडायचं. "अज्ञात स्रोताच्या अशुद्धीमुळे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत," अशा अर्थाचं एक भारदस्त वाक्य जमवलं. तिने वाचलं.

"अज्ञात कुठे आहे, सर?"

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

"हळद लिहा."

"हसतील."

"हसू देत. अज्ञात लिहिलं तर दुसरं कुणीतरी वर्षभर शोधत बसेल."

मी हळद लिहिलं. झाकणाला कशी लागली तेही लिहिलं. 'पूजा' हा शब्द संपादकाला कळेल का म्हणून एक ओळ खुलाशाची जोडली. ती वाचून माझंच मला वाईट वाटलं. संपादकाचं उत्तर दोन दिवसांत आलं, एका ओळीचं: कळवल्याबद्दल आभार. एवढ्या मोठ्या डोंगराला एक ओळ.

आता पाच आठवडे होते. चौथं प्रकरण रिकामं होतं. तिने कामाची वाटणी केली आणि मला चिकटपट्टीचं खातं दिलं. पेटीच्या फटी बुजवायच्या, तेही हात साबणाने धुऊन. सेलला स्पर्श करायची मला बंदी झाली. बंदी लेखी नव्हती, पण मी पेटीच्या दिशेने हात नेला की ती फक्त माझ्या बोटांकडे बघायची.

सकाळी तिचे तास असायचे. साडेबाराला ती यायची, चारला मुलीला आणायला जायची. मधला वेळ आमचा. पनवेलचा एप्रिल म्हणजे हवेत पाणी आणि पाण्यात हवा. आमच्या द्रावणाला पाण्याचा थेंब चालत नाही. थेंब गेला की लाल उजेड विझतो. रोज द्रावण नव्याने कोरडं करायचं, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिने आणखी एक गोष्ट हेरली होती. दुपारी एक ते दोन ट्रेलर कमी होतात. ड्रायव्हर जेवायला थांबतात. म्हणजे उजेड मोजायचा तो नेमका आम्हाला भूक लागलेली असताना. एक वाजला की ती म्हणायची, "चला सर, जेवले ते," आणि आम्ही पेटी लावायचो. आधी ब्लँक, मग थर, मग पुन्हा ब्लँक. प्रत्येक वेळी. मी नळीचा आकडा वाचायचो, ती लिहायची. आकडे इतके लहान की वाचताना संकोच वाटायचा. एकदा मी उगाच आवाज चढवून वाचला, तर म्हणाली, "सर, ओरडल्याने वाढत नाहीत."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एक दिवस ती पेटीवर डोकं टेकून झोपली, आणि मी तिला उठवलं नाही, आणि तो प्रयोग वाया गेला. ती उठल्यावर चिडली. "दया नका करू सर, वेळ नाहीये," म्हणाली. मी आयुष्यात केलेल्या थोड्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं, तेही चुकलं.

शेवटी लाल उजेड मिळाला. जेमतेमच, पण ब्लँकपेक्षा स्पष्ट वर, आणि दर वेळी. चौथं प्रकरण सहा पानांचं झालं. शिवाय शेवटी एका पानाचं परिशिष्ट: हिरवा उजेड आणि त्याचं कारण.

"जरा ओढून पंधरा कर," मी म्हणालो. "परीक्षक पानं मोजतात."

"सहाच आहेत सर."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला. आता भीती वेगळी होती. परीक्षकाने 'काम अपुरं, सुधारून पुन्हा सादर करा' असं लिहिलं की संपलं, कारण सुधारायला मुदतच उरली नव्हती. ही भीती आम्ही दोघांनी ऑगस्टपर्यंत सांभाळली. भेट झाली की त्या भीतीबद्दल सोडून सगळं बोलायचो.

तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने बोलायचं नसतं. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. परीक्षा ऐकायला आलेल्या पोरांनी वर्ग भरला होता; मी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो. बाहेरगावहून आलेले परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. पहिली तिन्ही प्रकरणं त्यांनी भराभर उलटली आणि चौथ्याशी थांबले.

"इतकं लहान प्रकरण मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "जानेवारीच्या तुमच्या प्रगती अहवालात तर मोठा हिरवा उजेड होता. कुठे गेला?"

"तो हळदीचा होता सर. परिशिष्टात आहे."

"वाचलं मी. वाचून पुन्हा वाचलं. ही हळद लावली कुणी?"

ती माझ्याकडे बघेना. खोटं बोलायचं नाही आणि गुरूचं नाव भर सभेत घ्यायचं नाही, अशा पेचात ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "सेल तेव्हा आम्ही दोघंच हाताळायचो सर. आणि मी लावली नव्हती."

अख्खा वर्ग हसला. मी उभा राहिलो. कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, पण पाय आपोआप उठले, चौथीत उठायचे तसे. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर ओढून मला नीट पाहिलं आणि हाताने बसा अशी खूण केली.

पुढचा तासभर त्यांनी तिला सोलून काढलं. लाल उजेड द्रावणाचा नाही कशावरून? तारेचा नाही कशावरून? पेटीच्या फटीतून आलेला नाही कशावरून? प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे एक ब्लँक होता. ती आवाज न चढवता आकृतीचा क्रमांक सांगायची आणि ते पान उलटायचे. एका प्रश्नाला मात्र ती म्हणाली, "हे मला माहीत नाही सर. वेळ मिळाला नाही." परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं.

मग आम्हाला बाहेर घालवलं. ती बाकावर बसली, मी भिंतीला टेकलो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला काहीतरी गमतीचं बोलावंसं वाटलं, पण एकही गंमत सुचेना. वीस मिनिटं झाली असतील. दार उघडलं, तिला आत बोलावलं, मलाही. परीक्षक अहवालावर सही करत होते. वर न बघता म्हणाले, "या डॉक्टर."

तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

तिला नमस्कार करायला वाकू न देता ते मला म्हणाले, "प्रकरण सहा पानांचंच ठेवायचं, हे कुणी ठरवलं?"

"तिनं."

"वाटलंच. सही त्या सहा पानांसाठीच केलीय," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

जिन्यात ती फोनवर बोलत होती, एकदम घरच्या बोलीत. "आबा, झाला. हां, झाला. नाय, रडत नाय मी. आता नाय येत, दोनला प्रॅक्टिकल हाय माजा." फोन ठेवून तिने मला वाकून नमस्कार केला आणि रिक्षाला हात दाखवत निघूनही गेली. मला वर जाऊन परीक्षकांना जेवायला न्यायचं होतं. मी म्हटलं, एक मिनिट टेकू, आणि पायरीवर बसलो. उठायला बराच वेळ लागला.